सात वर, आठ खाली

हाओ मास्तरांनी गृहपाठ दिला होता:
भीतीचे वाक्प्रचार, आठ.
प्रत्येकी चार अक्षरं, प्रत्येक पाच वेळा,
चौकटीच्या वहीत, रेघेला न शिवता.
खालून तापवलेल्या विटांच्या ओट्यावर मी पालथी,
आई पीठ मळत होती.
बाबांची पाळी चारला सुटते.
साडेआठ झाले होते.

'हे काय गं?' आईला अक्षर येत नव्हतं,
सहीपुरतं नाव सोडलं तर.
मी सांगितलं: प्याला, धनुष्य, साप, सावली.
एका पाहुण्याच्या मद्यात साप वळवळला,
भिडेखातर प्याला तो, आणि अंथरूण धरलं.
साप नव्हताच. भिंतीवरच्या धनुष्याचं प्रतिबिंब.
'मग बरा झाला?'
'यजमानानं परत बोलावून दाखवलं, तेव्हा झाला.'
आईनं आपल्या पेल्यात पाहिलं.
पेल्यात फक्त छतावरचा दिवा.
'असं बोलावून दाखवणारं कुणी पाहिजे,' म्हणाली,
आणि मळून झालेलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.

दुसरा: गवत, झाडं, सगळेच सैनिक.
आमच्या अंगणात मक्याची वाळकी ताटं उभी होती.
तिसरा: वाऱ्याचा आवाज, सारसाची किंकाळी.
सारस नाहीत आमच्याकडे. कुत्री आहेत,
ती गप्प होती.

चौथा अवघड.
एक हृदय, त्याच्या डोक्यावर 'वर' हे अक्षर.
दुसरं हृदय, त्याच्या डोक्यावर 'खाली'.
'खाणीच्या पिंजऱ्यासारखं,' आई म्हणाली.

पाचवा तिलाच येत होता. पुस्तकातून नव्हे,
माहेरच्या विहिरीवरून:
पंधरा बादल्या पाणी शेंदताना
सात वर, आठ खाली.
जीव असाच होतो, तिची आई म्हणायची.
मी लिहिला तो, पाच वेळा.

मग भिंतीवर थाप पडली. तीनदा.
मेंग मावशीच्या आणि आमच्या घरात भिंत एकच.
'रुईझी, भोंगा ऐकलास?'

पळालो. मी वही हातात घेऊन,
का ते आजही सांगता येत नाही.

चंद्र काळा, वारा उंच: हा सहावा, लिहायचा राहिलेला.
खुनाच्या गोष्टी अशाच रात्री सुरू होतात.
आमच्यावर मात्र चंद्र लख्ख होता,
वारा पडलेला,
कोळशाच्या ढिगांवर बर्फ चक्क सुंदर दिसत होतं.
भीतीला हवामान लागत नाही
हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

त्या पाळीला पिंजऱ्यातून पंधरा जण उतरले होते.
फाटकावरचा माणूस मोठ्यानं मोजत होता.
सात.
मग पिंजरा रिकामा खाली गेला
आणि बराच वेळ
दोर नुसता थरथरत राहिला.

सातवे बाबा होते.
दात तेवढे पांढरे.
आई धावली नाही. उभ्या जागी
बोटांना चिकटलेलं पीठ खरडत राहिली, सावकाश,
कारण तिच्या पलीकडे मेंग मावशी उभी होती
आणि अजून मोजत होती.

घरी दिवा लावला नाही आम्ही.
शेवया उकळल्या, त्या आवाज न करता खाल्ल्या.
आमच्याकडे शेवया अशा कुणी खात नाही.
बाबा ओट्याच्या मधोमध बसले,
त्या भिंतीला पाठ लागू नये म्हणून.

याला चार अक्षरं आहेत का?
सुटल्याचा आनंद,
जो शेजारी ऐकू जाता कामा नये?
मी आता तायुआनला शब्दकोशाची मुद्रितं तपासते.
'भ'पासून नव्हे, आमच्याकडे रेघा मोजून शोधतात,
एक रेघ, दोन रेघा, तीन.
दोनदा सगळा वाचून झाला.

ती वही आहे माझ्याकडे.
लाल शाईत मास्तरांचा शेरा:
'अक्षर सुरेख. आठपैकी पाचच.
चौथ्यात हृदयाचं एक टिंब राहिलं.'
पाचव्यापाशी काही लिहिलेलं नाही.
पेन टेकवून बराच वेळ उचललं नसावं,
कागदाच्या पाठीपर्यंत लाल उतरलंय.